सिंकच्या नळाची धार पुन्हा पुन्हा बारीक होतेय? आधी जाळीतला गाळ बघा

सिंकच्या नळाची जाळी काढून धुतली की धार मोठी होते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा करंगळीएवढी होते. आमच्या सोसायटीत पाण्याचं काम मी बघतो, आणि सगळ्यात जास्त घरांतून येणारी तक्रार हीच. तोवर बहुतेकांचा एक तरी खर्च होऊन गेलेला असतो, नव्या नळाचा नाहीतर थेट प्रेशर पंपाचा. नव्या नळाचीही धार महिन्याभरात बारीक झाली की माणूस वैतागतो, आणि ते साहजिकच आहे. जाळी ही कचरा अडकण्याची शेवटची जागा असते. कचरा मागून येतच राहिला तर नळ कितीही भारी घ्या, जाळी भरणारच. म्हणून ती धुण्याआधी तिच्यात काय सापडतं ते नीट बघायचं. दुरुस्ती कुठे करायची, याचा अर्धाअधिक अंदाज तिथेच येतो.

आधी दुखणं कुणाचं ते ठरवा

सिंक, बेसिन, बाथरूम असे घरातले सगळे नळ एकेक करून उघडून बघा. सगळीकडेच पाणी बारीक असेल तर सिंकखाली डोकं घालून उपयोग नाही, गच्चीवर जायला हवं. फक्त सिंकलाच बारीक असेल तर बरोबर वरच्या आणि खालच्या फ्लॅटमध्ये विचारा. बऱ्याच इमारतींत स्वयंपाकघराची लाईन गच्चीवरून वेगळी उतरते आणि एकावर एक असलेल्या सगळ्या स्वयंपाकघरांना तीच पाणी देते. वरच्या काकूंकडेही तीच रड असेल तर दोष तुमच्या घरात नाही, त्या उभ्या लाईनमध्ये किंवा तिच्या व्हॉल्व्हमध्ये आहे.

स्वयंपाकघरात दोन नळ असतील, एक टाकीचा आणि एक कॉर्पोरेशनच्या थेट पाण्याचा, तर नेमका कुठला बारीक झालाय हेही आधीच ठरवा. दोघांची कारणं वेगळी असतात. थेट नळाचं पुढे सांगतो.

मग मोजा. एक लिटरचं माप नळाखाली धरा आणि मोबाईलवर सेकंद बघा. दहा सेकंदांत भरलं तर मिनिटाला सहा लिटर पाणी येतंय, भांडी घासायला ते पुरेसं आहे. वीस सेकंद लागले तर मिनिटाला तीन लिटर, मग खरकटं निघता निघत नाही. हे माप सकाळी, दुपारी आणि रात्री घेऊन कागदावर लिहून ठेवा. दिवसभर आकडा सारखाच राहिला तर वाट कुठेतरी अडली आहे. सकाळी आठ-नऊला कमी आणि रात्री जास्त असेल तर दाबाचा प्रश्न आहे, कारण सकाळी टाकी उतरलेली असते आणि सगळ्या घरांचे नळ एकाच वेळी चालू असतात.

हे दोन्ही वेगळे ओळखायची आणखी एक खूण आहे. नळ बंद ठेवून थोड्या वेळाने एकदम पूर्ण उघडा. पहिला सेकंदभर पाणी जोरात आलं आणि लगेच मंदावलं, तर दाब आहे पण पाणी मागून पुरेसं पोचत नाही, म्हणजे मागे कुठेतरी वाट अरुंद झाली आहे. पहिल्या थेंबापासूनच मरगळलेलं आलं तर दाबच कमी आहे. जाळी काढून हीच चाचणी पुन्हा करा, कारण जाळीच तुंबलेली असेल तर पहिल्या सेकंदाचा जोर तीच खाऊन टाकते.

वरचा मजला

टाकीचं पाणी निव्वळ उंचीच्या जोरावर येतं. दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो, म्हणजे एका मजल्याला साधारण पाव ते एक तृतीयांश किलो. चार मजली इमारतीत तळमजल्याच्या सिंकला सव्वा किलोच्या आसपास दाब मिळत असेल, तर सगळ्यात वरच्या मजल्यावर नळ आणि टाकीतलं पाणी यांच्यात जेमतेम चार मीटर अंतर असतं आणि दाब अर्ध्या किलोच्याही खाली राहतो. टाकीतलं पाणी एक मीटरने उतरलं की तळमजल्याला फरक जाणवत नाही, पण वरच्या मजल्याचा पाव दाब तिथेच जातो.

म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी नळ निवडताना विचार करावा. हवा मिसळून फेसाळ धार देणारी जाळी, जिला दुकानदार फोम फ्लो म्हणतात, ती नीट चालायला दाब लागतो. दाब कमी असला की ती फेस करत नाही आणि पाणी मात्र अडवते. सिंगल लिव्हर मिक्सर, म्हणजे एकाच दांडीने थंड-गरम पाणी मिसळून देणारा नळ, त्याचंही तेच, त्यातल्या वाटा बारीक असतात. बऱ्याच मिक्सरच्या खोक्यावर किमान दाब छापलेला असतो, तो वाचून घ्या. वरच्या मजल्यावर पाव फेऱ्यात उघडणारा साधा सिंक कॉक आणि साधी जाळी, हीच जोडी मला योग्य वाटते. काही जाळ्यांच्या आत पाणी वाचवण्यासाठी एक छोटी रंगीत चकती असते. दाब चांगला असेल तिथे ती राहू द्यावी, वरच्या मजल्यावर काढून बघायला हरकत नाही.

जाळीतला गाळ

मुद्द्याची गोष्ट ही आहे, म्हणून इथे घाई करू नका. सिंकच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर बारीक वॉशर वाहून जातो. जाळीची टोपी खालून बघत घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. हाताने निघाली नाही तर कापड गुंडाळून पान्हा लावा, म्हणजे क्रोमवर ओरखडे पडत नाहीत. आतले भाग ज्या क्रमाने निघतात त्याचा एक फोटो काढून ठेवा. आता सगळा गाळ पांढऱ्या बशीत झटका आणि खिडकीपाशी नेऊन बघा.

पांढरट, खरखरीत, मिठाच्या खड्यांसारखे कण असतील तर तो क्षार आहे. त्यावर थोडं व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर खात्री झाली. बोअरचं किंवा टँकरचं पाणी टाकीत मिसळत असेल तिथे हा सापडतोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची अपेक्षित मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. बोअरच्या पाण्यात हा आकडा सहज वर जातो. जाळी कोमट पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व घालून अर्धा तास भिजवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. रात्रभर भिजत ठेवू नका, क्रोम खराब होतं. संडासाचं ॲसिड तर चुकूनही वापरू नका. क्षार सतत येत असेल तर महिन्यातून एकदा हे काम करावंच लागेल, नळ बदलून तो थांबत नाही. खरा उपाय सोसायटीच्या पातळीवरचा असतो. बोअरचं पाणी फ्लशच्या आणि बागेच्या लाईनपुरतं ठेवावं, स्वयंपाकघराच्या टाकीत मिसळू नये.

तांबूस-तपकिरी पापुद्रे आणि चुरा असेल, बोटांनी चोळल्यावर बोट लाल होत असेल, तर तो जीआय पाईपचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाईपचा गंज आहे. जुन्या इमारतींत हाच सापडतो. आतला जस्ताचा थर गेला की लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि अर्ध्या इंचाच्या पाईपमध्ये पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. आणि पाईपचा आतला व्यास निम्मा झाला म्हणजे पाणी निम्मं झालं असं नसतं. त्याच दाबाखाली ते साधारण एक षष्ठांशावर येतं. घरातल्या नळाला अचानक काही झालेलं नसताना धार वर्षागणिक बारीक होत जाते ती यामुळे.

काळे, मऊ, रबरासारखे तुकडे म्हणजे सिंकखालच्या कनेक्शन पाईपच्या आतली नळी सुटतेय, किंवा नळातला वॉशर झिजून त्याचे तुकडे पडताहेत. पांढरे चिवट धागे म्हणजे टेफ्लॉन टेप. नुकतंच काम झालेल्या घरात हा सापडतो, कारण आट्यांवर टेप जास्त गुंडाळला की त्याचं टोक आत लोंबतं आणि तुटून पुढे येतं. प्लास्टिकचा पातळ कीस असेल तर नवा पाईप कापल्यावर तोंड साफ न करता जोडलाय. हे धागे आणि कीस एकदा निघून गेले की सहसा परत येत नाहीत.

बोटांत करकरणारी, व्हिनेगरमध्ये न विरघळणारी वाळू आणि मातकट चिखल हा टाकीतून येतो. टाकी कधी धुतली होती ते विचारा. आणि हल्लीच धुतली असेल तर तेही कारण असू शकतं, कारण धुताना तळाचा गाळ ढवळला जातो आणि खालच्या लाईनमध्ये उतरतो. टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी चार-पाच घरांतून एकदम तक्रारी आल्या तर त्याचा अर्थ हाच.

जाळी काढूनही धार बारीकच असेल तर

मग नळाकडून मागे मागे जायचं आणि प्रत्येक जोडावर थांबून पाणी सोडून बघायचं. जिथे पाणी भसकन येतं, त्याच्या पुढे, म्हणजे नळाच्या बाजूला अडचण आहे. जिथे बारीकच येतं, तिथे अडचण त्याच्या मागे आहे. एवढा एक नियम पाळला तर उगाच फोडाफोड होत नाही.

पहिला थांबा नळाच्या पोटात. सिंकखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी बंद करायचा छोटा कॉक, बंद करून मुठीखालचा स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा दांडा) काढा. जुन्या पद्धतीच्या, दोन-तीन फेऱ्यांत उघडणाऱ्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबरी वॉशर असतो. तो सुटून खालच्या भोकावर बसला की मूठ कितीही फिरवा, पाणी त्याच्या कडेने जेवढं निसटेल तेवढंच येतं. पाव फेऱ्याच्या नळात दोन सिरॅमिक चकत्या असतात, त्यांच्या भोकात टेफ्लॉनचा एक धागा अडकला तरी धार अर्धी होते. मिक्सर असेल आणि थंड पाणी चांगलं, फक्त गरम बारीक, तर नळाला हात न लावता गिझरकडे बघा. त्याच्या आत-बाहेरच्या जोडांत क्षार साचलेला असतो किंवा इनलेटचा उलट पाणी रोखणारा व्हॉल्व्ह अडकलेला असतो.

दुसरा थांबा कनेक्शन पाईप. नळाकडचं टोक सोडवून बादलीत धरा आणि अँगल कॉक उघडा. सिंकखाली कचऱ्याचा डबा, सिलेंडर, फिल्टरचं सामान असं काही ना काही कोंबलेलं असतं आणि त्याच्या धक्क्याने हा पाईप मुडपतो. बाहेरून स्टीलची जाळी चकचकीत दिसते, पण आतली रबरी नळी चिमटलेली किंवा फुगलेली असू शकते. संशय आला तर सरळ बदला, ही स्वस्तातली वस्तू आहे.

तिसरा अँगल कॉक. वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो, आत क्षार धरलेला असतो. दोन-चार वेळा पूर्ण बंद-चालू करून बघा. जोर लावू नका. जुना कॉक तुटला तर भिंतीतून येणारं पाणी थांबवायला गच्चीवर पळावं लागतं. म्हणून हे काम सुरू करण्याआधीच गच्चीवरचा आपला व्हॉल्व्ह कुठला हे माहीत करून ठेवा आणि वर-खाली सांगून ठेवा.

नळ थेट भिंतीत बसवलेला असेल तर मधे कनेक्शन पाईप नसतो, आणि तिथे एक जागा हमखास सापडते. पितळी नळ ज्या जीआय निपलमध्ये (आटे असलेला पाईपचा छोटा तुकडा) किंवा एल्बोत (काटकोनी जोड) आवळलेला असतो, त्याचं तोंड. पितळ आणि लोखंड ओल्या जागी एकमेकांना टेकले की लोखंड लवकर गंजतं, त्यामुळे बाकीचा पाईप ठीक असला तरी त्या इंचभर जागेत गंजाची गुठळी धरते. मी नळ काढलेल्या निपलमध्ये टॉर्च मारून बघितलं आहे. चारी बाजूंनी तपकिरी थर आणि मधे डाळीचा दाणा जाईल एवढं भोक. प्लंबर ते स्क्रू ड्रायव्हरने खरवडून साफ करतो आणि त्या दिवशी धार सुरेख येते. पण खरवडलेला निपल पुन्हा धरतो. शक्य असेल तर तो निपल काढून पितळेचा किंवा सीपीव्हीसीचा (न गंजणाऱ्या प्लास्टिकचा) जोड घाला. सगळी लाईनच गंजलेली असेल तर एकेक तुकडा बदलत बसण्यापेक्षा पूर्ण लाईन सीपीव्हीसीची करून घेणं पुढे स्वस्त पडतं. फक्त जोडताना पाईप चिकटवायचं सोल्युशन बेताने लावायला सांगा. जास्त झालेलं सोल्युशन जोडाच्या आत घट्ट होतं आणि नव्या लाईनचीही वाट अडवतं.

जुन्या जीआय लाईनवर हातोडीने ठोकून गंज पाडायचा सल्ला कोणी दिला तर नाही म्हणा. पडलेला गंज पुढच्या एल्बोत जाऊन बसतो आणि कुजलेला पाईप भिंतीतच फुटायची भीती असते.

गच्चीवर

घराला येणाऱ्या लाईनवर, डक्टमध्ये किंवा गच्चीवर, गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आतलं पातं स्पिंडलवरून निसटतं आणि खालीच पडून राहतं. वरून चाक फिरतं, माणूस पाच-सहा फेरे मारून म्हणतो की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, आणि आतलं दार मात्र अर्धं मिटलेलंच. चाक कुठेच न थांबता फिरतच राहत असेल किंवा फिरवूनही धारेत काही फरक पडत नसेल तर हाच दोष धरा. तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. त्याचा दांडा पाईपच्या दिशेत आहे की आडवा, हे लांबूनही दिसतं.

एप्रिल-मे महिन्यात पाणी पुरवून वापरायला म्हणून कोणीतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद करतं आणि पावसाळ्यात तो पूर्ण उघडायचा राहून जातो. वॉचमनला एकदा नीट विचारा, भांडू नका. त्याला कमिटीनेच सांगितलेलं असतं.

हवा अडकली असेल तर

टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली आणि त्यानंतर नळ फुरफुरतोय, थुंकल्यासारखं पाणी येतंय, मग बारीक होऊन बंद पडतंय, तर लाईनमध्ये हवा अडकली आहे. टाकी भरलेली असताना त्या लाईनवरचा सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडून काही मिनिटं सोडून द्या, बहुतेक वेळा हवा निघून जाते. पण टाकी रिकामी झाल्यावर दर वेळी हेच होत असेल तर गच्चीवर दोन गोष्टी बघा. टाकीच्या आउटलेटनंतर उभा चढवलेला हवेचा पाईप असतो. त्याचं तोंड टाकीच्या वर मोकळं राहायला हवं, गळतं म्हणून कोणी टोपी लावली असेल तर हवेला वाट राहत नाही. दुसरं म्हणजे लाईन गच्चीवरून जाताना कठड्यावरून किंवा बीमवरून चढून उतरते का. तो उंचवटा असेल तिथे हवा साठते. लाईन सरळ उतारात घेणं किंवा त्या जागी हवेचा पाईप देणं, हाच कायमचा उपाय.

थेट नळ

कॉर्पोरेशनच्या नळाला तासांवर पाणी येतं आणि पहिल्या काही मिनिटांत पाईपातला साचलेला गाळ घेऊन येतं. त्या नळाला बारीक जाळी लावूच नका. धार एकट्या तुमच्याकडे कमी झाली असेल तर मीटरच्या तोंडाशी असलेली गाळणी किंवा मुख्य लाईनवरचं फेरूल, म्हणजे आपलं कनेक्शन जिथून निघतं तो जोड, तुंबलेलं असू शकतं. ते काम परवानाधारक प्लंबर आणि वॉर्ड ऑफिसमार्फतच करून घ्यायचं. सगळ्या गल्लीतच कमी असेल तर तक्रार एकत्र द्या, तिला वजन येतं. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या 1999 च्या मार्गदर्शिकेत एकमजली घरांसाठी पाणी किमान 7 मीटर आणि दुमजलीसाठी 12 मीटर चढेल एवढा दाब धरलेला होता. तिसऱ्या मजल्यावर थेट पाणी चढत नाही यात आश्चर्य नाही, पण तळमजल्यालाही चढत नसेल तर अर्जात हा आकडा लिहा.

थेट नळाला मोटार लावू नका. ते बेकायदेशीर आहे आणि पालिका मोटार जप्त करते, पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळी आहे. मोटारीने ओढल्यावर पाईपात पोकळी तयार होते आणि जिथे जिथे गळती आहे तिथून बाहेरचं गटाराचं पाणी आत खेचलं जातं. ते आपल्याच माठात येतं आणि शेजाऱ्यांच्याही.

पंपाबद्दल

टाकीच्या लाईनवर बसवायचा प्रेशर पंप हा वरच्या एक-दोन मजल्यांसाठी खरा उपाय आहे, पण तो शेवटी घ्यायचा. गंजलेल्या किंवा अडलेल्या लाईनवर पंप बसवला तर धार थोडी वाढते, आवाज होतो, आणि आत्तापर्यंत बिनदाबाने टिकून राहिलेले कुजके जोड गळायला लागतात. आधी वाट मोकळी करा, लिटरचं माप पुन्हा घ्या, आणि तरीही पाणी कमी असेल तर पंपाचं बघा.

प्लंबर आला की त्याला नुसतं पाणी बारीक येतंय असं सांगू नका. बशीतला गाळ दाखवा, सकाळ-रात्रीचे आकडे दाखवा, कुठल्या जोडावर पाणी भसकन आलं ते सांगा. कामाचा अर्धा वेळ वाचतो आणि नको ते बदललं जात नाही. काम झाल्यावर जाळी लगेच बसवू देऊ नका. नळ पूर्ण उघडून दोन-तीन बादल्या पाणी जाऊ द्या, ते फरशी पुसायला वापरा, आणि पाणी स्वच्छ दिसायला लागलं की मगच जाळी लावा. टाकी धुण्याच्या दिवशीही हेच करायचं, आणि धुणाऱ्यांना खाली उतरणारे सगळे व्हॉल्व्ह आधी बंद करून घ्यायला सांगायचं.